शालनताईंचा उलटा चेंडू

शालनताईंच्या दुकानात चहा मिळाला की माणसाच्या पोटात गोळा यायचा.

सांगली-मिरज रस्त्याला लागून त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर पत्रा, मागे पत्रा आणि मध्ये जळक्या मोटारींचा ढीग. उसाला पाणी पाजणाऱ्या मोटारी जळल्या की तिथे यायच्या. आतली जळलेली तार काढून नवी गुंडाळली की मोटार पुन्हा उभी राहायची. पण एखादीत करण्यासारखं काही उरलेलंच नसलं, तर शालनताई तसं तोंडाने सांगत नसत. शेजारच्या टपरीकडे बघून दोन बोटं वर करत. दोन चहा यायचे, एक त्यांना आणि एक मोटारीच्या मालकाला. तो बिचारा बशीत चहा ओतत विचारायचा, "म्हंजे... गेलीच का वो ताई?" त्या म्हणायच्या, "च्या घ्या आदी." जुनी गिऱ्हाइकं तर टपरीवाला येताना दिसला की उठून उभी राहायची. "ताई, च्या नगं. काय असंल ते सांगा!"

मी त्या वेळी सांगलीतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यावर आपलं पोट भरायचं, असा तो धंदा. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती. आमच्या ट्रेडल छपाई मशीनची मोटार मालकांच्या वडिलांच्या काळातली. ती वर्षातून एकदा तरी जळायचीच. मग आमचे कंपोझिटर दत्तूअण्णा ती सायकलच्या कॅरिअरला बांधून शालनताईंकडे न्यायचे आणि मी मागून मोटारीला हात लावून चालायचो. मशीन बंद म्हटल्यावर मला वाचायला तरी काय असणार? शिवाय शालनताईंचं दुकान मला छापखान्यापेक्षा जास्त आवडायचं, हेही कबूल करायला हरकत नाही.

त्या बुटक्या, रंगाने सावळ्या आणि हाताने विलक्षण चपळ. पाचवारी साडीवर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट घालायच्या. नवरा बाबूराव वाघमारे एसटीत कंडक्टर. शर्टाच्या खिशावर तिकिटांच्या पेटीच्या पट्ट्याचा वळ तसाच उमटलेला असे. त्यामुळे नवखा माणूस त्यांच्याकडे जतचं अर्धं तिकीट मागतो की काय असं वाटायचं. वायंडिंग त्या वडिलांकडून शिकल्या. वडील एका गिरणीत वायंडर होते. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मुलीला शिकवलं, असं कुणी म्हणालं की शालनताईंना राग यायचा. "मुलगा असता तरी मलाच शिकिवलं असतं. हात माजा चालायचा."

दुकानात देवळी होती. तीत पितळेची छोटी बुद्धमूर्ती आणि तिच्या शेजारी टेस्टरचा डबा. नवं गिऱ्हाईक आलं की इकडेतिकडे बघून विचारायचं, "मालक कुटं हायत?" त्या खाली मान घालूनच उत्तर द्यायच्या, "मालक जतच्या गाडीत हायत. मोटार हितं ठेवा."

बाबूरावांना विजेची भयंकर भीती. पावसाळ्यात घरातला दिवा ते लाकडी उलथन्याने लावायचे. दारावरची बेल दाबायचं धाडस त्यांनी आयुष्यात केलं नाही. बाहेर उभं राहून "शालन, ए शालन" अशी हाक मारायचे. शालनताई म्हणायच्या, "दिवसभर गाडीत घंटी वाजिवत्यात, आन घरची वाजवाय भ्या वाटतंय. मी म्हनलं, मग काडूनच टाकते ती बेल." आणि त्यांनी खरंच काढून टाकली. असा हा माणूस जत भागातल्या जळक्या मोटारी मात्र एसटीच्या टपावर घालून प्रेमाने बायकोकडे पोहोचवायचा. मोटारीत वीज नसते, याची त्याला खात्री पटलेली असावी.

वायंडिंग करताना शालनताई वेढे मोठ्याने मोजायच्या. "एकशे बारा, एकशे तेरा, एकशे चौदा..." त्या वेळी दुकानात कुणी ब्र काढायचा नाही. एकदा जतच्या बाजूचे एक सरपंच आले होते. फेटा, हातात छत्री, सवय सगळ्यांनी आपलं ऐकण्याची. त्यांनी मधेच किती वेळ लागेल म्हणून विचारलं. शालनताईंचा आकडा चुकला. त्यांनी गुंडाळलेली सगळी तार उलगडली, सरपंचांना समोरच्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "आता तुमी मोजा. मी गुंडाळते." सरपंच सीमेवरच्या गावचे. मोठे आकडे त्यांना मराठीत भराभर येईनात, तसे ते कानडीत मोजायला लागले. "ओंदु, एरडु, मूरु..." शालनताईंनी तेवढाच वेग धरला. शेवटी दोघांनाही घाम फुटला. ती मोटार पुढे कित्येक वर्षं चालली. दुकानात तिचं नाव कायमचं "कानडी मोटार" पडलं आणि सरपंच पुढच्या वेळेपासून छत्री मांडीवर घेऊन शाळेतल्या पोरासारखे गप्प बसायला लागले.

मोटार उघडली की त्या आधी नाक लावायच्या. नुसत्या वासावरून "ही पानी पिऊन मेली", "ही एका फेजवर मेली" असं सांगायच्या. एकदा तासगावकडचा एक बागाईतदार शपथेवर सांगत होता की मोटार आपोआप जळली. शालनताईंनी वास घेतला आणि विचारलं, "फ्यूज कशाचा घातला हुता?"

"तारंचा की. बारीक तार."

"सायकलीच्या आऱ्याचा घातला हुता. खरं सांगा."

तो माणूस खाली बघायला लागला. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याने खरंच सायकलचा आरा अडकवला होता. फ्यूज काही उडाला नाही, मोटार उडाली. "जळल्याली मोटार खोटं बोलत न्हाई," शालनताई आम्हाला म्हणाल्या, "घिऊन येनारा बोलतो." तो गेल्यावर मी विचारलं, आऱ्याचा वास येतो की काय? तर म्हणाल्या, "वास कशाचा येतोय! त्येच्या सायकलीला एक आरा कमी हुता, दारात लावली हुती न्हवं."

आता त्या चेंडूकडे येतो.

दुकानाच्या तोंडाशी एका मोडक्या व्हिडिओ गेमची फळी पडलेली असायची. स्टँडजवळ एक गेमचं दुकान निघालं होतं. मुलं शाळा बुडवतात म्हणून लोकांनी गलका केला आणि ते बंद पडलं. त्याच्या मालकाने एका गेमचा ट्रान्सफॉर्मर वायंडिंगला टाकला होता. सोबत ही फळीही आणली आणि तो पाचगणीला स्ट्रॉबेरीचा गाडा टाकायला जो गेला तो परत आलाच नाही. फळीत मोसंबीएवढा पांढरा चेंडू बसवलेला होता, अर्धा वर, अर्धा खाली. तळहाताने तो फिरवायचा की गेममधला माणूस पळायचा. पडदा गेला, माणूस गेला, चेंडू राहिला. शालनताई वेढे मोजत असल्या की बोलायला बंदी असल्यामुळे खोळंबलेली मंडळी तो चेंडू फिरवत बसायची. मोठमोठे बागाईतदार त्या चेंडूवर तळहात फिरवत दिवसाउजेडी तंद्री लावून बसलेले मी पाहिले आहेत.

दत्तूअण्णांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्या हातामुळे घडली. अठ्ठावीस वर्षं ते उभ्याने खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवत होते. नजर मजकुरावर आणि हात केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीत. कोंबडी दाणे टिपते तसा तो हात खिळे टिपायचा. जिल्ह्यातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका त्या हाताखालून गेल्या होत्या. बोलणं कमी. माझ्याशी तर फारच कमी, कारण मी त्यांच्या चुका काढायचो, आणि त्या फारशा सापडायच्या नाहीत म्हणून मीच खट्टू व्हायचो.

आमच्या मालकांनी, म्हणजे तात्यांनी, दोन कॉम्प्युटर आणले. पुण्याचा एक मुलगा आठ दिवस राहून शिकवून गेला. एकावर मनीषा नावाची मुलगी बसली आणि दुसऱ्यावर तात्यांनी हट्टाने अण्णांना बसवलं. तात्या वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. अण्णांना कळफलक पंधरा दिवसांत आला. कुठलं अक्षर कुठल्या घरात राहतं हे लक्षात ठेवणं हाच तर त्यांचा जन्माचा उद्योग. अडलं ते माऊसपाशी.

अण्णा माऊस सरकवत नसत. उचलत. खिळा उचलून जागेवर ठेवावा तसा माऊस टेबलाच्या या टोकावरून उचलायचे आणि त्या टोकाला नेऊन टपकन ठेवायचे. पडद्यावरचा बाण बापडा होता तिथेच.

"अण्णा, सरकवा," मनीषा म्हणायची.

"सरकिवलं की."

"उचललंत तुम्ही."

"उचलल्याबिगार सरकंल कसं?"

कधी चुकून सरकवलाच तर भलतीकडे. बाण खाली न्यायचा तर ते माऊस पुढे लोटायचे आणि बाण पडद्याच्या माथ्यावर जाऊन बसायचा. आम्हाला वाटायचं, घाबरतात, वय झालं. मीही तेच म्हणालो होतो, तेही त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. आजही ते आठवलं की मला स्वतःचा राग येतो. खिळा जागी बसवायचा तर तो दाबून ठेवावा लागतो. तसाच माऊस दाबून ठेवता ठेवता दीड महिन्यात त्याचं खालचं झाकण फुटलं आणि बाण हलवणारी आतली रबरी गोळी टेबलाखाली गडगडत गेली.

तात्यांनी अण्णांना बोलावून घेतलं. "अण्णा, पहिल्या तारखेपासून दुसरा ऑपरेटर बघतो. तुम्ही बाइंडिंगला बसा. पगारात फरक नाही."

अण्णा "बरं" म्हणाले. दुपारी त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. बाइंडिंग म्हणजे पानं दुमडायची आणि खळ लावायची. काम वाईट नाही, पण अक्षराशी त्याचा संबंध नाही. ज्याने आयुष्यभर अक्षर जुळवलं त्याला अक्षरापासून उठवणं म्हणजे काय, ते मला त्या बंद डब्याकडे बघून कळलं.

त्याच आठवड्यात ट्रेडलची मोटार जळली. निघताना तात्यांनी फुटका माऊसही अण्णांच्या हाती दिला. "वाघमारेबाईंना दाखवा, होतोय का दुरुस्त." आम्ही पोहोचलो तेव्हा शालनताईंची मोजणी चालू होती. अण्णा स्टुलावर बसले आणि चेंडूवर तळहात ठेवून फिरवायला लागले. पुढे, मागे, गोल. बराच वेळ. शालनताई मोजत होत्या आणि मोजता मोजता त्यांच्या हाताकडे बघत होत्या.

मोजणी संपली. "अण्णा, आज काय झालंय? चेंडू लय फिरिवताय."

अण्णांनी सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. शेवटी म्हणाले, "हात उचलतुया, शालनबाई. मी न्हाई उचलत, त्यो आपला आपन उचलतुया."

शालनताईंनी माऊस मागून घेतला. चष्मा दोऱ्याने कानाला बांधला आणि छोट्या पेचकसाने माऊस उघडला. आत दोन बारके दांडे, दांड्यांच्या टोकांना खाचांची चाकं आणि प्रत्येक चाकाजवळ एक दिवा. त्यांनी बराच वेळ बघितलं, नाक लावून वासही घेतला. मग टपरीकडे बघून बोटं वर केली. या वेळी तीन.

अण्णांचा चेहरा पडला. "गेला व्हय?"

"आवं, ह्यो च्या खुशीचा हाय! घाबरू नगा." त्यांनी गेमची फळी उलटी केली. चेंडूच्या पोटाखाली तसेच दोन दांडे, तशीच खाचांची दोन चाकं, तसेच दिवे, फक्त सगळं चौपट मोठं. "बघितलं का मास्तर? ह्यो उंदीर म्हंजे ह्येचं पिल्लू हाय. पिल्लाचं डोकं चांगलं हाय, नुसतं पोट फुटलंय. ह्येचं पोट त्येच्या डोक्याला जोडायचं."

मला त्या मास्तर म्हणायच्या. चष्मा आणि कानावर पेन्सिल असलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर होता.

"आणि त्याने काय होणार?" मी विचारलं.

"चेंडू जागचा हालत न्हाई. मग अण्णांचा हात काय उचलंल?"

हे इतकं सरळ होतं की आम्हा शिकल्यासवरल्यांपैकी कुणाला ते कसं सुचलं नाही याची मला लाज वाटली.

पुढचे तीन दिवस त्यांनी मोटारींना हात लावला नाही. गिऱ्हाइकांना "परवा या" म्हणून सांगितलं. माऊसच्या चिमुकल्या पट्टीवर केसासारख्या तारा कथलाचा डाग देऊन बसवल्या. कुठली तार कुठे जाते हे मीटर लावून पुन्हा पुन्हा तपासलं. चेंडू बसवायला त्यांनी जुना लाकडी स्विचबोर्ड घेतला आणि त्याला गोल भोक पाडलं. दाबून दाबून माऊसची बटणंही मोडली होती. त्या जागी घरातून काढून ठेवलेल्या बेलचं बटण लावलं आणि त्याच्या जोडीला बाजारातून तसंच दुसरं आणलं. शनिवारी ते धूड पिशवीत घालून त्या छापखान्यात आल्या. पिशवीतून स्विचबोर्ड निघालेला बघून तात्या खुर्चीतून उठलेच.

"वाघमारेबाई, हे कॉम्प्युटरला जोडणार? आणि जळला म्हणजे?"

"जळला तर वायंडिंग करून देते."

"कॉम्प्युटरचं वायंडिंग करत्यात होय?"

"आजवर न्हाई केलं. जळल्यावर बघू."

तात्या हसले, आणि मालक हसला की निम्मं काम होतं. वायर जोडली. कॉम्प्युटर सुरू केला. धूर आला नाही. शालनताईंनी अण्णांना खुणावलं. अण्णांनी चेंडूवर तळहात ठेवला आणि बाजूला फिरवला. बाण बाजूला गेला. मनीषाने टाळ्या वाजवल्या. अण्णांनी चेंडू पुढे लोटला, आणि बाण खाली आला. मागे ओढला, तर वर गेला.

"उलटं झालं," तात्या म्हणाले.

"एवडंच ना?" शालनताई जराही खजील झाल्या नाहीत. "मोटार उलटी फिरली तर काय करतो आपन? दोन वायरी हिकडच्या तिकडं. एका दिव्याच्या दोन वायरी चुकल्या माज्या. पाच मिंटाचं काम." त्यांनी पिशवीतून डाग द्यायची कावी काढली आणि प्लग शोधायला लागल्या. दोन वायरींची ही युक्ती उसाच्या मुलखात पोरासोरांनाही माहीत असते. मोटार उलटी फिरून पाणी कमी येऊ लागलं की शेतकरी दोन वायरींची अदलाबदल करतो आणि ती सुलटी फिरते.

अण्णा मात्र उठले नव्हते. ते चेंडू फिरवतच होते, आधी सावकाश, मग भरभर. बाण पडद्यावर ज्या ओळीवर हवा त्या ओळीवर जाऊन थांबत होता.

"अण्णा, उठा जरा. सरळ करते."

"थांबा शालनबाई. नगा करू. ह्येच सरळ हाय."

 अण्णांनी कोपऱ्यातून आपली जुनी स्टिक आणली. स्टिक म्हणजे कंपोझिटर ज्यात ओळी जुळवतो ती हातात मावणारी लोखंडी पट्टी. ती डाव्या हातात धरून ते दाखवायला लागले. खिळा डोकं खाली, पाय वर असा लावायचा. पहिली ओळ पोटाजवळ. दुसरी तिच्या पुढे. तिसरी आणखी पुढे. मजकूर खाली उतरत जातो तसा कंपोझिटरचा हात अंगापासून लांब लांब जातो. अठ्ठावीस वर्षं अण्णांसाठी "खालची ओळ" म्हणजे पुढची जागा होती. आम्ही त्यांना म्हणत होतो, खाली जायचं तर हात जवळ ओढा, आणि ते बिचारे खाली जाण्यासाठी हात पुढे लोटत होते.

"म्हंजे त्या उंदराला बी असंच झालं हुतं," अण्णा म्हणाले. "मला वाटलं माजंच डोकं गेलं."

  माझा धंदा चुका दुरुस्त करण्याचा. शालनताईंची वायर चुकली होती आणि माणूस मात्र बरोबर निघाला होता, आता दुरुस्ती कुणाची करायची?

त्या दिवशी एका गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांचं हँडबिल आलं होतं. पंचवीस जोड्या, प्रत्येक पैलवानाचं नाव, गाव, तालीम, आणि मधल्या चौकटीत पंचांचे फोटो. चौकटी आखायला, फोटो बसवायला माऊसशिवाय पर्याय नाही. तात्या म्हणाले, "अण्णा, हे करून दाखवा, मग बघू." अण्णा बसले. शालनताई शेजारी स्टुलावर बसल्या, कावी मांडीवर धरून, लागलीच तर असावी म्हणून. अण्णांनी जेवणाची सुट्टी घेतली नाही. बेलचं बटण प्रत्येक वेळी टकटक वाजायचं आणि बाहेरचा शिपाई दोनदा "कोण आहे" म्हणून दार उघडून बघून गेला. तीन वाजता कागद छापून माझ्या हातात आला. मी डोळ्यांत तेल घालून वाचला. एकच चूक सापडली, आणि ती गावकऱ्यांनी लिहून आणलेल्या मजकुरातच होती.

तात्यांनी कागद वर धरून बघितला आणि म्हणाले, "राहू द्या. बाइंडिंगला दुसरा माणूस बघतो." अण्णांनी मग डबा काढला आणि थंड भाकरी चवीने खाल्ली. शालनताईंना त्यांनी निम्मी भाकरी दिली. मला नाही. ते योग्यच होतं.

गंमत पुढे झाली. त्या कॉम्प्युटरवर अण्णांशिवाय कुणाचंच काही चालेना. मनीषा बसली की बाण वरच्या कोपऱ्यात जाऊन तिथेच मुक्काम करायचा. अण्णा लेकीच्या बाळंतपणासाठी चार दिवस गावी गेले तेव्हा तात्यांनी मिरजेहून एक ऑपरेटर आणला. तो दुपारपर्यंत त्या चेंडूशी झोंबला, मग चहा पिऊन येतो म्हणून गेला आणि स्वतःचं पेन घ्यायलाही परत आला नाही. तात्यांनी शालनताईंना निरोप पाठवला, तेवढं सरळ करून द्या. "येते की," म्हणून त्यांनी सांगितलं. आल्या नाहीत. अण्णांच्या पुढच्या रजेत पुन्हा निरोप गेला. "बघते," म्हणाल्या. तरी आल्या नाहीत. पंप बंद पडला म्हटल्यावर भर उन्हात दुसऱ्या गावी जाणाऱ्या बाई, आणि पाच मिनिटांच्या कामाला येईनात. मनीषाचा माऊस काढावा तर तिचं काम अडायचं, आणि नवा पुण्याहून मागवावा असं तात्यांच्या मनात यायचं, तोवर अण्णा परत आलेले असायचे.

पुढे कामं थोडी मंदावली. गल्लोगल्ली कॉम्प्युटर झाले होते. तात्या एकदा माझ्यापाशी म्हणाले, "खरं तर एका ऑपरेटरात भागेल. पण जुनी सगळी कामं अण्णांच्या मशीनवर, आणि ते मशीन दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही." आणि मग सुस्कारा टाकून पान खायला गेले. अण्णा आपल्या खुर्चीत होते. चेंडू पिवळा पडला होता. अण्णा बोलायलाही लागले होते. नव्या माणसाला आवर्जून सांगायचे, "ह्यो कॉम्प्युटर चालिवणारा सबंद जिल्ह्यात एकच मानूस हाय."

बाबूरावांची साताऱ्याच्या डेपोत बदली झाली आणि शालनताईंनी दुकान तिकडे हलवलं. मोटारी आता साताऱ्याला न्यायच्या की काय म्हणून जतचे लोक फार हळहळले. त्यानंतर त्या मला एकदाच भेटल्या, साताऱ्याच्या स्टँडवर. मी एका लग्नाला गेलो होतो. कोरेगावच्या फलाटावर खाकी शर्ट आणि साडी दिसली आणि मी हाक मारली. काखेत तांब्याच्या तारेचं बंडल होतं. केस बरेच पिकले होते.

"मास्तर! अण्णा हायत का खुर्चीवर?" हा पहिला प्रश्न. माझी खुशाली नंतर.

"आहेत की. तात्या अजून तुमची वाट बघताहेत, सरळ करून द्याल म्हणून." मी चेष्टेने म्हणालो.

शालनताई हसल्या नाहीत. बंडल त्यांनी या काखेतून त्या काखेत घेतलं. "पयल्यांदा वायर चुकली ती चुकलीच माजी, खोटं कशाला सांगू. अण्णा नगं म्हनलं, तवा वाटलं, बरं झालं, त्यांच्या हाताला बसलं. पन तात्यांचा निरोप आला तवा माज्या डोस्क्यात उजेड पडला. सरळ करून दिलं असतं, तर त्या खुर्चीत कोनबी बसलं असतं की मास्तर."

 दोन निरोप, दोन्ही वेळा न येणं, आणि आम्ही समजत होतो बाई विसरल्या.

"तात्या बी मानूस चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पन चांगल्या मानसाला बी पगार द्यायला कारन लागतंय."

कोरेगावची गाडी लागली. लोक खिडकीतून रुमाल, टोप्या टाकून जागा धरायला लागले. शालनताई बंडल पुढे करून त्या गर्दीत घुसल्या आणि पायरीवरून मागे वळल्या. "आन अण्णास्नी ह्यातलं काय सांगू नगा हां. त्यास्नी वाटतंय, जिल्ह्यात असा मानूस एकच हाय."

"ते खरंच आहे की," मी म्हणालो.

"व्हय तर!" आता मात्र त्या मनापासून हसल्या आणि आत गेल्या.

गाडी मागे घेताना त्या मला खिडकीत दिसल्या. काहीतरी ओरडून सांगत होत्या, पण इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावून विचारलं. त्यांनी बोलणं सोडून दिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. गाडी वळेपर्यंत ते बोट तसंच होतं.

अण्णा त्या खुर्चीवरूनच निवृत्त झाले. मी त्यांना सांगितलं नाही.